वाचकांचे प्रश्न : खांब आधी, भिंत नंतर

फिलिपिन्समध्ये वास्तुकला शिकणारे विद्यार्थी आपल्या देशातली जुनी घरे आणि चर्च कागदात, बांबूत, लाकडात उभी करून पाहतात. तशी मॉडेल्स इथे करू पाहणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळच्या सदरात घेतली आहेत. मिलिमीटरमधली मापे मॉडेलच्या सोयीसाठी ठरवलेली आहेत, ती कुठल्या एका घराची मोजणी नव्हे. जिथे खऱ्या इमारतीचे माप आहे, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. फिलिपिन्सचे एक पारंपरिक घर करायचे ठरवले आहे. सुरुवात कोणत्या घरापासून करावी आणि प्रमाण काय धरावे? (विद्यार्थिनी, पुणे)

इफुगाव लोकांच्या घरापासून करा. लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेराचे डोंगर आहेत. तिथली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती 1995 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. त्या शेतांच्या कडेला हे घर असते. त्याला 'बाले' म्हणतात. चार खांब, एकच खोली, खिडकी नाही, वर पिरॅमिडसारखे उंच गवती छप्पर. चूल आतच असते आणि भात माळ्यावर ठेवतात. चुलीच्या धुराने भात सुकतो आणि गवताला कीडही लागत नाही. शिडी काढून ठेवता येते.

प्रमाण 1:20 धरा, म्हणजे प्रत्येक माप खऱ्याच्या विसाव्या भागाएवढे. 1:50 ला गेलात तर 20 सेंटिमीटरचा खांब 4 मिमीचा होतो आणि त्यात नीट खाच पाडता येत नाही. मग सगळे काम डिंकावर जाते. हे घर तर खिळ्याशिवाय, नुसत्या खाचा आणि जिभांवर उभे असते. सांधा दिसला नाही, तर मॉडेलमधून शिकायचे तेच हातून निसटते.

वाड्याचे शब्द वापरले तर याची रचना चटकन कळते. चार खांब, त्यांवर दोन बहाल म्हणजे जाड मुख्य आडवी लाकडे, बहालांवर आडव्या तीन तुळया आणि तुळयांवर पाटणी, म्हणजे फळ्यांची जमीन. छपराचा भार पाटणीच्या पातळीवर उभ्या केलेल्या आतल्या खांबांतून तुळयांवर येतो. बाजूच्या फळ्या वर जाताना बाहेर झुकतात आणि छपराचे वजन घेत नाहीत. म्हणून बांधणीही याच क्रमाने करा. आधी चार भिंतींची पेटी चिकटवून खाली चार पाय लावले, तर लांबून फरक कळणार नाही, पण ते घर बाले राहणार नाही.

सामान थोडके लागते. पायासाठी 12 मिमी प्लायचा 300 × 300 मिमीचा तुकडा. खांबांसाठी 10 मिमी जाडीची गोल काठी, 112 मिमीचे चार तुकडे. यातले 10 मिमी प्लायमध्ये जातील, 95 मिमी बाहेर दिसतील आणि वरचे 7 मिमी कानशीने घासून 5 मिमी जाडीची जीभ करायची. बहाल 10 × 12 × 200 मिमीचे दोन. तुळया 8 × 10 × 200 मिमीच्या तीन, आणि बहालाला जिथे भेटतात तिथे दोन्हींत 4-4 मिमी खोल खाच. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर 130 मिमी ठेवा.

दोन चुका जवळजवळ प्रत्येक गटाकडून होतात. पहिली भोकांची. प्लायमधली भोके वेगळी आखली आणि बहालांतली वेगळी, की मिलिमीटरभर फरक पडतोच. मग चौथा खांब बसत नाही आणि जोर लावला की बहाल चिरतो. जाड पुठ्ठ्यावर चारही मध्यबिंदू एकदाच टोचा आणि तोच पुठ्ठा वर आणि खाली दोन्हीकडे आखायला वापरा. दुसरी चूक 'हालिपान'ची. उंदीर वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला बहालाच्या लगेच खाली लाकडाची जाड चकती असते. बाटलीच्या बुचाचे 12 मिमी जाडीचे काप घ्या आणि मधोमध 10 मिमीचे भोक पाडा. बहाल बसवण्याआधी ते खांबात सरकवायचे असतात. नंतर लक्षात आले, तर चकती कापून दोन अर्ध्या चिकटवाव्या लागतात आणि ती फट कायम दिसत राहते.

याच घराचे छप्पर केले. पाया 240 मिमी, उंची 160 मिमी ठरवली होती. त्रिकोण जोडल्यावर छप्पर फारच बसके झाले. माप तर बरोबर घेतले होते. (विद्यार्थी, कोल्हापूर)

तुम्ही त्रिकोणाची उंची 160 मिमी कापली असणार. छपराची उभी उंची आणि उतारावरची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायाच्या निम्मे म्हणजे 120, उभी उंची 160, तर उतार 200 मिमी येतो. त्रिकोण कापताना पाया 240, मधली उंची 200, आणि बाजू 233 मिमी हवी. 160 चा त्रिकोण कापला की उभी उंची 106 मिमीच्या आसपास येते आणि उतार 53 अंशांवरून 41 वर घसरतो. त्या डोंगरात पाऊस जोराचा आणि लांबलेला असतो. गवताच्या छपराला चढ कमी पडला की पाणी खाली घसरण्याऐवजी आत मुरते. त्यामुळे हे नुसते दिसण्याचे प्रश्न नाहीत.

गवतासाठी फुलझाडू घ्या. एका झाडूत काम भागते. तुरे कापून टाका, बारीक काड्यांचे 40 मिमी तुकडे करा आणि वळचणीपासून वर शिखराकडे ओळी लावत जा. दोन ओळींत 8 मिमी अंतर ठेवले, की एका बाजूला 25 ओळी होतात. वरून खाली लावायला घेतले तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या पोटात खुपसावी लागते आणि सगळे पिंजारते. छप्पर चिकटवू नका, उचलून बाजूला ठेवता येईल असे करा. चूल आणि माळा दाखवायची तेवढीच एक वाट आहे.

आठवीच्या वर्गाला बाहाय कुबो करायला द्यायचे आहे. आठ-आठ मुलांचे गट आहेत. कटरचा वापर कमीत कमी हवा. (शिक्षिका, सावंतवाडी)

बाहाय कुबो म्हणजे सखल भागातले बांबूचे, खांबांवर उचललेले घर. खालच्या मोकळ्या जागेला 'सिलोंग' म्हणतात. तिथे कोंबड्या, जाळी, अवजारे असतात. छपराची पाने निपा नावाच्या, खाडीकाठी चिखलात वाढणाऱ्या पामची. पाने एका काडीवरून दुमडून शिवतात आणि त्या पट्ट्यांना 'पाविद' म्हणतात. नारळाच्या झावळ्यांचे झाप बघितलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रमाण 1:20, जमीन 150 × 200 मिमी. सहा खांब चायनीज खाण्याच्या काड्यांचे. आडव्या-तिरक्या काड्यांसाठी कबाबच्या 3 मिमीच्या बांबूकाड्या, साधारण 60. जमिनीसाठी मसाला न लावलेल्या उदबत्तीच्या काड्या. त्या 1.3 मिमीच्या आसपास असतात. मध्ये 0.7 मिमी फट ठेवली तर 200 मिमीत 100 काड्या बसतात. ही फट महत्त्वाची आहे. खऱ्या घरातही बांबूच्या पट्ट्यांत फट असते, तिच्यातून खालची हवा वर येते आणि केर खाली पडतो. मुले मन लावून काड्या घट्ट चिकटवतात. तसे करू देऊ नका.

सांधे दोऱ्याने बांधा. तिथे वेताच्या पट्टीने बांधतात, इथे गोधडीचा जाड तपकिरी दोरा चालेल. खांबाला आडवी काडी लावून आधी चार उभे वेढे घ्यायचे. मग दोन काड्यांच्या मधून, पहिल्या वेढ्यांना आवळत, दोन आडवे वेढे. हे दोन वेढे नसतील तर सांधा दुसऱ्या दिवशी सैल पडतो. बांधून झाल्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असे मिश्रण ब्रशने दोऱ्यावर लावा. कटर लागतच नाही. काड्या तोडायला नखे कापायचे मोठे यंत्र पुरते.

पाविदसाठी खाकी कागदाच्या 50 मिमी लांब, 20 मिमी रुंद पट्ट्या. खराट्याच्या हिरावरून 4 मिमी दुमडून चिकटवायच्या आणि खालची कडा कात्रीने झिरमिळ्यांसारखी कापायची. 45 अंशांच्या दुपाखी छपराला दोन्ही वळचणी धरून एका पाख्याचा उतार सुमारे 156 मिमी येतो. 8 मिमी अंतराने 20 ओळी, एका ओळीत 6 पट्ट्या, दोन पाखे, म्हणजे 240 पट्ट्या. आठ जणांत प्रत्येकी 30. एक तास पुरतो.

छप्पर जमिनीवर वेगळे बांधा आणि मग खांबांवर चढवा. शेवटी घराखालून दोन लांब काड्या सारून मुलांना घर बोटांवर उचलायला सांगा. फिलिपिन्समध्ये शेजारीपाजारी मिळून अख्खे घर बांबूंवर घेऊन दुसऱ्या जागी नेत. त्या एकोप्याला 'बायानिहान' म्हणतात. मॉडेल उचलताना एखादा कोपरा लोंबला तर तिथला तिरका आधार राहिला आहे, असे समजा.

'बाहाय ना बातो' म्हणजे दगडाचे घर. खालच्या मजल्याची दगडी पेटी केली, तिच्यावर लाकडी पेटी ठेवली. सर म्हणाले, 'पुन्हा विचार कर.' चुकले काय? (डिप्लोमाचा विद्यार्थी, नाशिक)

नावाने फसवले. या घरात वरच्या मजल्याचे आणि छपराचे वजन लाकडी खांबांवर असते. हे खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत जातात. तळमजल्याची दगडी किंवा विटांची भिंत त्यांच्याभोवती पडद्यासारखी उभी असते. कधी खांब भिंतीच्या आतल्या बाजूला मोकळे दिसतात, कधी भिंतीत झाकलेले असतात.

यामागे भूकंप आहे. नोव्हेंबर 1645 च्या भूकंपाने मनिलातली दगडी बांधकामे मोठ्या संख्येने कोसळली. वर दगड रचणे म्हणजे डोक्यावर मरण ठेवणे, हे लोकांच्या लक्षात आले. खाली दगड, वर हलके लाकूड, आणि भार खांबांवर, ही रीत त्यातून पक्की झाली. जमीन हलली की लाकडी सांगाडा एका लयीत डोलतो आणि जड भिंत दुसऱ्या. भिंत पडली तरी घर उभे राहण्याची शक्यता उरते. पेटीवर पेटी ठेवली की नेमकी हीच गोष्ट मॉडेलमधून गायब होते. तुमच्या सरांचे म्हणणे अगदी योग्य आहे.

पुन्हा बांधताना 1:50 घ्या. रस्त्याकडचे चार खण, प्रत्येक 75 मिमी, म्हणजे दर्शनी बाजू 300 मिमी. मागे दोन खण. असे 15 खांब होतात. खांब 5 × 5 मिमी, लांबी 160 मिमी, त्यातले 10 मिमी पायाच्या प्लायमध्ये. 70 मिमीवर तुळया. पाटणी समोरच्या बाजूला 16 मिमी पुढे काढा. हा पुढे आलेला सज्जा म्हणजे 'व्होलादा'. मग छपराच्या कैच्या. इथवर एकही भिंत लावायची नाही. सांगाडा हाताने हलवून बघा. समांतरभुज चौकोनासारखा कलत असेल तर वरच्या मजल्यावर कोपऱ्यांत तिरके आधार द्या.

आता दगडी भिंत. 60 सेंटिमीटर जाडी धरली तर 12 मिमी. 10 मिमी सनबोर्डच्या (हलकी, प्लास्टिकच्या फोमची पाटी) दोन्ही बाजूंना 1 मिमी माउंट बोर्ड (जाड, ताठ पुठ्ठा) लावला की बरोबर 12. ही भिंत खांबांपासून 1 मिमी दूर, सुटी उभी करा. तपासणी सोपी आहे. भिंत चारही बाजूंनी उचलून घ्या. वरचा मजला जागच्या जागी राहिला तर घर बरोबर बांधले आहे. प्रदर्शनात हीच कृती करून दाखवली तर वेगळा तक्ता लावावा लागत नाही.

भिंतीचा रंग आणि पोत ठरवण्याआधी गाव ठरवा. मनिलाच्या परिसरात 'आदोबे' म्हणतात तो ज्वालामुखीच्या राखेचा मऊ, करडा दगड. विसायाच्या बेटांवर प्रवाळाचा दगड. लुझोनच्या वायव्येकडच्या इलोकोसमध्ये वीट आणि वर चुन्याचा गिलावा. त्याच भागातले विगान शहर, जे 1999 मध्ये जागतिक वारसा यादीत आले, तिथे दोन्ही मजले विटांचे असलेली घरेही आहेत. विगानचा फोटो समोर ठेवून खाली 'मनिला' लिहिण्याची चूक फार दिसते.

आतल्या रचनेत सुरुवात तळमजल्यापासून करा. मोठा दरवाजा 'सागुआन'मध्ये उघडतो. ही बग्गी आणि मिरवणुकीचे रथ ठेवायची जागा. राहणे वर. जिन्याच्या माथ्यावर 'काइदा' नावाची बैठक, पुढे रस्त्याकडे दिवाणखाना म्हणजे 'साला', मागे जेवणघर, स्वयंपाकघर आणि 'आसोतेया' ही उघडी गच्ची. खोल्यांमधल्या भिंतींच्या वरच्या भागात कोरीव जाळी असते, तिला 'कालादो' म्हणतात. ती वाऱ्यासाठी असते. भिंत छतापर्यंत बंद केली तर उष्ण हवामानातल्या या घराचा श्वासच कोंडतो.

याच घराच्या छपरावर क्राफ्टच्या दुकानातला नालीदार कागद लावला. काहीतरी खटकते. (वास्तुकला विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

नाली मोठी झाली आहे. खऱ्या पत्र्याच्या दोन नाल्यांत साधारण 76 मिमी अंतर असते. 1:50 ला ते 1.5 मिमी होते. बाजारातल्या कागदाची नाली 3-4 मिमीची, म्हणजे खऱ्या मापात पाऊण-एक वीत. डोळा हे ताबडतोब पकडतो आणि घर खेळण्यासारखे दिसते. आयव्हरी कार्डावर स्टीलपट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने दर 1.5 मिमीवर दाबून रेघ ओढा. खाली जुने वर्तमानपत्र चार घड्या करून ठेवा, म्हणजे रेघ खोल उमटते.

पत्रा लावायचा की कौल, हे साल ठरवते. 1863 आणि 1880 च्या भूकंपांत कौले जीवघेणी ठरली आणि त्यानंतर मनिलात पत्र्याचा वापर झपाट्याने वाढला. मॉडेलच्या पाटीवर 1850 लिहिणार असाल तर कौल, 1890 लिहिणार असाल तर पत्रा.

आमच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. फिलिपिन्सच्या घरांतही तशाच असतात असे वाचले. जुन्या खिडकीतले शिंपले मॉडेलला वापरता येतील का? (वाचक, मडगाव)

शिंपला तोच आहे. शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा, तिथे त्याला 'कापीस' म्हणतात. काच दुर्मीळ आणि महाग होती तेव्हा पोर्तुगीजांच्या गोव्यात आणि स्पॅनिशांच्या फिलिपिन्समध्ये दोन्हीकडे तो खिडक्यांत बसला. खिडकीची चाल मात्र वेगळी. गोव्यात बहुतेक झडपा बिजागरीवर उघडतात. फिलिपिन्समध्ये चौकोनी जाळीत शिंपले बसवलेल्या रुंद चौकटी उंबऱ्यातल्या खाचांवरून बाजूला सरकतात. सगळ्या सरकवल्या की भिंत जवळजवळ नाहीशी होते. खिडकीच्या उंबऱ्याखाली, जमिनीलगत, गज लावलेल्या छोट्या खिडक्या असतात. त्या 'व्हेंतानिल्या'. मुख्य खिडकी पावसात बंद केली तरी यांतून जमिनीलगत वारा येतो.

मॉडेलमध्ये खरा शिंपला घालू नका. तुमच्या खिडकीतले शिंपले खिडकीतच राहू द्या, तेच त्यांचे खरे मोल आहे. किनाऱ्यावर गोळा करायलाही जाऊ नका, कारण भारतात हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. शिवाय तो मापातही बसत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीचा तुकडा 1:20 मध्ये एक सेंटिमीटर जाडीच्या फरशीसारखा वाटतो.

ट्रेसिंग पेपर उत्तम. 90 जीएसएमचा घ्या, पातळ घेतला तर डिंकाने सुरकुततो. शिंपल्याचा चौकोन 7 सेंटिमीटर धरला तर 1:20 ला 3.5 मिमी आणि 1:50 ला 1.4 मिमी. 1:20 ला 0.5 मिमी रुंदीच्या कार्डाच्या पट्ट्यांची जाळी जमते. 1:50 ला तिच्या मागे लागू नका. ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूने 0.1 च्या तपकिरी पेनने रेघा आखा. पुढून त्या किंचित धूसर दिसतात आणि लाकडी जाळीचा भास येतो. कागद चौकटीला पाण्याच्या डिंकाने लावू नका, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप लावा. आत एक पिवळसर एलईडी ठेवला तर संध्याकाळच्या घराचा उजेड जमतो. पांढरा दिवा लावला की ट्यूबलाइटचे दुकान वाटते.

पावायच्या चर्चचे मॉडेल 1:100 मध्ये करतो आहोत. बाजूचे धिरे, म्हणजे भिंतीला बाहेरून टेकू देणारे जाड आधार, सारखे निखळतात. (विद्यार्थ्यांचा गट, मुंबई)

इलोकोस नॉर्तेमधले पावायचे सेंट ऑगस्टिन चर्च 1694 मध्ये सुरू होऊन 1710 मध्ये पूर्ण झाले. 1993 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या फिलिपिन्सच्या चार बारोक चर्चपैकी ते एक. इतर तीन मनिला, सांता मारिया आणि मियागाव इथली. पावायची ओळख म्हणजे दोन्ही बाजूंना आणि मागे असलेले 24 धिरे. जाडी सुमारे 1.67 मीटर, आकार पायऱ्यांसारखा उतरता. म्हणजे 1:100 ला जाडी 17 मिमी.

5 मिमी सनबोर्डचे तीन थर आणि दोन्ही बाहेरच्या बाजूंना 1 मिमी माउंट बोर्ड, असे 17 होतात. सनबोर्डचे 72 आणि माउंट बोर्डचे 48 तुकडे कापावे लागतील. आधी एक तुकडा हार्डबोर्डमध्ये काटेकोर कापा आणि सगळे त्यावरूनच आखा. मागच्या तुकड्यावरून पुढचा आखत गेलात तर प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीइतका वाढत जातो आणि चोविसावा पहिल्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा निघतो.

निखळण्याचे कारण बहुधा डिंक. सनबोर्ड प्लास्टिकचा आहे. फेव्हिकॉल पाणी शोषले गेल्यावर धरतो, आणि दोन प्लास्टिकच्या पृष्ठभागांमध्ये ते पाणी जायला जागाच नसते. सनबोर्डला सनबोर्ड जोडताना रबरी डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा मिनिटे सुकू द्या, मग दाबा. त्याशिवाय भिंतीत दोन टूथपिक आरपार घालून धिऱ्यात 8 मिमी रुतवा. नुसत्या कडेवर चिकटवलेला जड भाग हाताळताना निघणारच.

पोतासाठी वाळू नको. अर्ध्या मिलिमीटरचा कण इथे पाच सेंटिमीटरचा खडा होतो. फेव्हिकॉल आणि पाणी समसमान घेऊन लावा आणि वर वस्त्रगाळ रांगोळी भुरभुरा. पावायला खालच्या भागात प्रवाळाचा दगड आणि वर वीट आहे. त्यामुळे वरच्या भागासाठी रांगोळीत चिमूट-चिमूट गेरू मिसळा. एकदम विटकरी करू नका.

घंटेचा मनोरा चर्चला चिकटवू नका. तो खरोखरच काही अंतरावर सुटा उभा आहे. भूकंपात मनोरा पडला तर चर्चवर पडू नये, हा त्यातला विचार. जागा वाचवण्यासाठी तो जवळ आणलेली मॉडेल्स दिसतात, आणि त्या इमारतीतला सर्वांत शहाणा निर्णय त्यात पुसला जातो.

भूकंपाची चाचणी मॉडेलवर करता येईल का? (स्थापत्य अभियांत्रिकी, सांगली)

वागणूक दाखवता येते, ताकद मोजता येत नाही. 1:20 मॉडेलचे वजन आठ हजारांश होते, पण खांबाचा छेद चारशेवा भागच होतो. त्यामुळे मॉडेल खऱ्या घरापेक्षा तुलनेने कितीतरी मजबूत ठरते. ते टिकले म्हणून घर टिकेल असे म्हणता येत नाही.

दाखवायला तोरोगान चांगले. मिंदानाओमधल्या लानाव भागात मारानाव सरदारांची ही घरे. तुळयांची टोके बाहेर पंखांसारखी पसरतात. त्यांवर 'ओकीर' नक्षी असते आणि त्या टोकांना 'पानोलोंग' म्हणतात. जाड खांब जमिनीत पुरलेले नसतात, मोठ्या गोल दगडांवर नुसते टेकलेले असतात. दोन सांगाडे करा. एकाचे खांब पायाला चिकटवा, दुसऱ्याचे नदीतल्या चपट्या गोट्यांवर ठेवा. दोन्हींवर 200-200 ग्रॅम वाळूची पिशवी ठेवा. पायाची फळी चार गोल पेन्सिलींवर ठेवून सेंटिमीटरभर मागे-पुढे हलवा. चिकटवलेला सांगाडा सांध्यांत करकरतो, टेकलेला थोडा सरकतो. वाळू ठेवली नाही तर फरक दिसतच नाही. बहुतेकांची चाचणी इथेच फसते.

इफुगाव घराच्या अंगणात शोभेसाठी 'बुलुल'ची बाहुली ठेवावी का? (शिक्षक, अकोला)

ठेवू नका. बुलुल हा भाताचा राखणदार, त्याचे स्थान भाताच्या कोठाराशी आणि विधींशी जोडलेले आहे. कोठाराचे मॉडेल करून त्यात, त्याचा अर्थ लिहून दाखवत असाल तर गोष्ट वेगळी. ही घरे करणारी माणसे आजही आहेत.

जुलैत केलेले मॉडेल ऑगस्टमध्ये वाकडे झाले, गवतावर बुरशीही आली. (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

माउंट बोर्डला एकाच बाजूने कागद चिकटवला की ती बाजू ओल शोषून वेगळी ताणली जाते आणि बोर्ड वाकतो. दोन्ही बाजूंना सारखाच कागद लावा. फेव्हिकॉल पातळ करून पसरू नका, रेघेसारखा लावा. सुकेपर्यंत वर जाड पुस्तके ठेवा, किमान बारा तास. पायाला पुठ्ठा नको, 12 मिमी प्लायच घ्या.

झाडूचे गवत, हीर, दोरा हे सगळे कापण्याआधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर कोमट इस्त्री कागदावरून फिरवा. आलेली बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा आणि नंतर स्पिरिटचा हात फिरवा. ओल्या फडक्याने पुसली तर ती पसरते. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, खोक्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका.

मुलगी दावाओला डॉक्टरकी शिकते. सुट्टीत मनिलाला जाणार आहे. धाकट्याच्या मॉडेलसाठी तिला काय-काय मोजून आणायला सांगू? (पालक, लातूर)

इंत्रामुरोस, म्हणजे तटबंदीतले जुने मनिला, एका दिवसात पायी होते. तिथले सान आगुस्तिन चर्च 1607 मध्ये पूर्ण झाले. दर्शनी बाजूला आज एकच मनोरा आहे. दुसरा 1863 आणि 1880 च्या भूकंपांत खिळखिळा झाल्यामुळे काढला. म्हणून मॉडेल कोणत्या सालाचे ते आधी ठरवा. जवळच कासा मनिला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत घराची मांडणी समजायला ते फार उपयोगी, पण ते 1980 च्या दशकात नव्याने उभारलेले आहे. पाटीवर तसे लिहा.

टेपने सगळे मोजायला कुणी देणार नाही, आणि गरजही नाही. एका पायरीची उंची मोजायची आणि पायऱ्या मोजायच्या, मजल्याची उंची मिळते. दगडाच्या एका थराची उंची घ्यायची आणि फोटोत थर मोजायचे, भिंतीची उंची मिळते. फोटो समोरून, शक्य तितका लांबून, मोबाइल सरळ धरून काढायचा. वर तिरपा धरला की इमारत शिखराकडे निमुळती होते आणि मापे चुकतात. भिंतीला लागून माणूस उभा करून त्याची उंची वहीत लिहून ठेवायची. खिडकीचा एक फोटो आतून, उजेडाच्या दिशेने, आणि एक उंबऱ्याच्या खाचांचा अगदी जवळून. त्या खाचा किती आहेत ते मोजून आणायला तिला नक्की सांगा, कारण एका खिडकीत किती थरांच्या झडपा सरकतात ते त्यावरूनच कळते.